नोकरी सुटली तरी कसब सुटत नाही

शेतकरी बंधूंनो, आपल्या कल्याण-मुरबाड पट्ट्यात आज घरोघरी एकच घोर आहे. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही. बारावी झालेला पोरगा सकाळची लोकल धरून डोंबिवली-ठाण्यात नोकरी शोधत फिरतो. अर्जात अनुभवाचा रकाना आला की तो कोरा सोडतो. अशा प्रत्येक घराने लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र समजून घ्यावं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकारी तिथेच संपली. दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला, रंग गेले, पण रेघ तर राहिली! त्यांनी यंत्रांची चित्रं काढायचं शिक्षण घेतलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. पगार महिना ४५ रुपये. शिकवून झालं की तिथल्याच कार्यशाळेत ते यंत्रं हाताळत बसत. त्याचा जादा पगार कोणी देत नव्हतं, हे लक्षात घ्या.

पुढे बढतीत त्यांना डावललं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. सायकल विकायची, दुरुस्त करायची, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, ते इथे शिकून झालं.

मग कडबा कापायचं यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण शेतकऱ्यांना वाटे की लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. तरी त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. त्याचं ऐकलं, त्याला समजावलं आणि नांगर सुधारत नेला.

एवढ्यात बेळगावची जागा नगरपालिकेने मागितली. कारखाना उठवायची वेळ आली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी ३२ एकर माळ आणि १० हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरामागून उसाचे चरक आले, पंप आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले, तोवर त्यांच्या कारखान्यांचं नाव देशभर झालं होतं.

आता हिशेब मांडून बघा. चित्रकला गेली, नोकरी गेली, जागा गेली. पण रेखाटन, मापाची अचूकता, दुरुस्तीचा हात आणि माणसाशी बोलण्याची रीत प्रत्येक वेळी त्यांच्यासोबत पुढच्या धंद्यात आली. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत कितीतरी कारखाने बंद पडले. एकच मशीन चालवता येणाऱ्याचे तेव्हा हाल झाले. चार कामं येणाऱ्याला दुसरं दार उघडणं सोपं जातं.

आपला पोरगा पंप खोलून परत बसवतो. डेअरीच्या दुधाचा हिशेब ठेवतो. लावणीला दहा बायांची जुळवाजुळव करतो, गवताच्या व्यापाऱ्याशी भाव ठरवतो. हा अनुभव नाही तर काय? कारखानदाराला असाच माणूस हवा असतो. फक्त ते कागदावर येत नाही आणि मुलाखतीत तोंडातून निघत नाही.

म्हणून आज रात्री जेवणं झाली की मुलाला, आणि मुलीलाही, वही घेऊन बसवा. गेल्या दोन वर्षांत केलेलं एकेक काम लिहायला लावा. कोणतं काम, किती दिवस, काय बिघडलं आणि कसं सुधारलं. जे कमी पडतं, ते तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकता येतं.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनाही विनंती. लक्ष्मणरावांना औंधच्या राजांनी हात दिला. आपल्या पोरांच्या नशिबी राजा नाही, ग्रामपंचायत आहे. जवळच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेतात का, एवढी चौकशी करून फलकावर लिहिलीत तरी चार घरांचा घोर हलका होईल.