रजेचा अर्ज ते बंड : शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचं नेमकं काय बिनसलं होतं?

पनवेलच्या नाट्यगृहाला आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे. तालुक्यातल्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला. बंड आणि एडनचा तुरुंग शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक असतो. त्याआधी सुमारे १५ वर्षं ते पुण्यात सरकारी कारकून होते, हे मात्र चटकन आठवत नाही.

रजेचं प्रकरण काय होतं?

फडके लष्करी हिशेबाच्या कचेरीत होते. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप शिरढोणहून आला. त्यांनी रजा मागितली, साहेबाने ती दिली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही रजा मिळाली नाही.

साहेब स्वभावाने वाईट होता का, हा प्रश्न इथे गौण आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांना विलायतेला जाऊन येण्यासाठी लांब मुदतीची फर्लो रजा होती, तीही नियमाने. देशी कारकुनाला घाट उतरून गावी जायलाही साहेबाची मर्जी लागे. नोकरी म्हटली की असंच, हे बहुतेकांनी मान्य केलेलं होतं. फडक्यांनी केलं नाही.

न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशातला पैसा बाहेर कसा जातो, हे त्यांनी ऐकलं होतं. हिशेबाच्या कचेरीत बसणाऱ्याला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नसावं.

दुष्काळाने काय बदललं?

१८७६ मध्ये दख्खनमध्ये पाऊस फिरला. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर, म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅमवर आणलं, वर किरकोळ पैसे. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसासाठी हा हिशेब होता! पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोध केला. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

फडके गावोगाव फिरले. शिकलेल्या पुणेकरांनी त्यांना फारशी साथ दिली नाही. पाठीशी उभे राहिले ते मुख्यतः रामोशी. गावाची राखण करून जगणाऱ्या या लोकांचं काम इंग्रजी अमलात गेलं आणि वर चोर म्हणून शिक्का बसला. कारकुनाची रजा त्यापुढे लहानच म्हणायची. ब्राह्मण घरातल्या फडक्यांनी दांडपट्ट्याचे धडे मात्र लहुजी वस्ताद साळवे या मांग समाजातल्या गुरूकडे घेतले होते, त्यामुळे ही माणसं त्यांना परकी नसावीत.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारीवर पहिला छापा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईकांची तुकडी कोकणात उतरली आणि पनवेलजवळचं पळस्पे लुटलं गेलं. परतताना दौलतराव मारले गेले. त्याच महिन्यात फडक्यांचा जाहीरनामा निघाला. त्यात धमकीही होती आणि मागण्याही : लोकांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार उतरवा. पगाराचा मुद्दा बंडखोराच्या पत्रकात यावा, इथे जुना कारकून दिसतो.

जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावदगी इथे ते आजारी अवस्थेत पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेपेची. एडनला कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले आणि पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय ३७.