लॉर्ड मेयो : डब्लिन ते अंदमान

अंदमान म्हटले की मराठी वाचकाला आठवतात स्वातंत्र्यवीर सावरकर आणि सेल्युलर जेल. तो तुरुंग उभा राहण्यापूर्वी कितीतरी आधी, ८ फेब्रुवारी १८७२ रोजी, याच बेटांवर हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांची हत्या झाली. पदावर असताना मारले गेलेले ते एकमेव व्हाइसरॉय.

रिचर्ड साउथवेल बर्क हे त्यांचे मूळ नाव. २१ फेब्रुवारी १८२२ रोजी डब्लिनमधील एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८४७ मध्ये, आयर्लंड दुष्काळात होरपळत असताना, ते किल्डेअरमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. आयर्लंडचे चीफ सेक्रेटरीपद त्यांनी तीनदा भूषवले. १८६७ मधील फेनियन क्रांतिकारकांचा उठाव त्यांच्याच कारकिर्दीत मोडून काढण्यात आला. एका जित देशाचा पुत्र दुसऱ्या जित देशावर राज्य करावयास निघाला, असे म्हणण्याचा मोह होतो खरा. पण मेयो होते जमीनदार वर्गातले आणि साम्राज्याशी एकनिष्ठ. डिझरायली यांनी त्यांची नेमणूक केली आणि पाठोपाठ सत्तेवर आलेल्या ग्लॅडस्टन यांनीही ती रद्द केली नाही.

जानेवारी १८६९ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा तिजोरीत तूट होती. प्राप्तिकर १८७० मध्ये तीन टक्क्यांवर गेला, मुंबई व मद्रास इलाख्यांत मिठावरील कर वाढला. पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली ती याच काळात, २ एप्रिल १८७० रोजी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवण्याचा ठराव झाला. आर्थिक विकेंद्रीकरणाचा आरंभ येथूनच मानतात.

वऱ्हाडाशीही त्यांचा संबंध आला. १८७० मध्ये खामगावला येऊन त्यांनी जलंबहून निघणाऱ्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा होता, हे त्यामागचे उघड कारण. १८७१ मध्ये शेतीसाठी स्वतंत्र खातेही निघाले.

अंदमानातील कैद्यांची वसाहत पाहण्यास ते गेले, तेव्हा दिवसभर पहारा कडक होता. सायंकाळी माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहून ते होपटाऊनच्या धक्क्यावर उतरले. मशालींच्या उजेडात बोटीकडे जात असताना शेर अली आफ्रिदी या जन्मठेपेच्या कैद्याने मागून झेप घेऊन सुरीचे वार केले. लेडी मेयो समोरच्या जहाजावर त्यांची वाट पाहत होत्या.

शेर अलीला ११ मार्च रोजी व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. मेयोंचा देह आयर्लंडला नेऊन किल्डेअरमध्ये पुरण्यात आला. माउंट हॅरिएटचे नाव २०२१ मध्ये माउंट मणिपूर झाले.