पतंगाला लगाम घालणारे मास्तर

पतंग उडवणे हा मुलांचा खेळ, असे आपण समजतो. पण एका शाळामास्तरांनी या खेळाला आपले आयुष्य वाहिले. त्यांचे नाव जॉर्ज पोकॉक. जन्म १७७४ सालचा. इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात ते शाळा चालवीत.

लहानपणी ते पतंगाच्या दोरीला दगड बांधून पाहत. दगड सरकला, की त्याहून जड ओझे बांधायचे. वाऱ्याचे बळ त्यांनी असे पायरीपायरीने ओळखले. १८२४ साली त्यांनी तीस फुटी पतंगाला खुर्ची बांधली आणि आपली मुलगी मार्था हिला सुमारे २७० फूट उंच नेले. मुलगी सुखरूप खाली आली. तरीही पोटच्या पोरीला असे वर पाठवणारा बाप धाडसी म्हणावा की अविचारी, हा प्रश्न मनात येतोच.

१८२६ साली त्यांनी कर्नल व्हायनी यांच्यासह पतंगाने ओढायच्या गाडीचे पेटंट घेतले. ही गाडी ताशी वीस मैलांपर्यंत धावे. घोडा नसल्यामुळे नाक्यावर कर कसा घ्यावा, हे नाकेदाराला कळेना! १८२८ साली राजे चौथे जॉर्ज यांच्यासमोरही तिचे प्रात्यक्षिक झाले.

पोकॉक यांचे खरे कसब मात्र दोऱ्यांत होते. एक दोरी पतंगाचा भार पेली. दुसरीने त्याचा कल बदलून ओढ कमीजास्त करता येई. उरलेल्या दोन दोऱ्या त्याला डावीउजवीकडे वळवीत. पण वाऱ्यावर चालणारी गाडी सांभाळणे सोपे नव्हते, म्हणून ती लोकांत रुजली नाही. १८४३ साली मास्तर वारले. पाच वर्षांनी मार्थाला मुलगा झाला. तोच क्रिकेटचा महापुरुष डब्ल्यू. जी. ग्रेस. ती खुर्ची कोसळली असती तर?

कसरतीच्या पतंगाला आज बहुधा दोन दोऱ्या असतात. उजवी ओढली की तो उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. नवशिक्याने दोऱ्या सारख्या लांबीच्या ठेवाव्यात, बेताचा वारा पाहावा आणि त्याच्याकडे पाठ करून मोकळ्या मैदानात उभे राहावे. विजेच्या तारा, रस्ता, विमानतळ आणि माणसांची गर्दी यांपासून दूर असावे. ढग गडगडले तर खेळ आवरावा. दोरी हाताला कधीच गुंडाळू नये. ओढ फार वाढली तर पतंगाच्या दिशेने चालत जावे, म्हणजे ताण सैलावतो. ब्रिटनमध्ये आज परवानगीवाचून साठ मीटरच्या वर पतंग नेता येत नाही. मार्था गेली होती त्याहून वर!

आधी दगड, मग गाडी. मास्तरांच्या या क्रमातला धडा घ्यावा, खुर्चीचा मात्र घेऊ नये.