कोळसा खाणीत उतरलेले बाबासाहेब



१४ एप्रिल जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या वर्गात भाषणांची तयारी सुरू होते. महू येथे जन्म, वडील सुभेदार रामजी, हालअपेष्टा सोसून शिक्षण, चवदार तळे, संविधान. मुलं पाठ करतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. त्यात चूक काहीच नाही. पण मी चंद्रपूर जिल्ह्यात शिकवते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वडील कोळसा खाणीत पाळीवर जातात. रात्रपाळी करून बाबा झोपलेले असतात म्हणून घरी आवाज करायचा नाही, हे त्यांना पाढ्यांच्या आधी कळलेलं असतं. आणि याच मुलांच्या भाषणात खाण कुठेच नसते! म्हणून यावेळी बाबासाहेबांचं चरित्र जरा त्या बाजूनं सांगते. वर्गात किंवा घरी वापरता येईल.

बाबासाहेबांनी कामगार पुस्तकात वाचलेला नव्हता. त्यांचं कुटुंब मुंबईत आलं ते गिरणगावात, परळ भागात. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडनहून मोठमोठ्या पदव्या घेऊन आल्यावरही ते बरीच वर्षं तिथल्याच चाळीत राहिले. दादरचं 'राजगृह' नंतरचं. आजूबाजूला सगळी गिरणीत जाणारी माणसं.

गिरणीतली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. कापड विणायच्या खात्यात पगार चांगला मिळायचा, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ वाटे. आता पाहा, धागा तोंडाने ओढणं हे मुळात कोणाच्याही तब्येतीला वाईटच, कापसाचे तंतू आणि धूळ सरळ पोटात नि छातीत जाणार. पण चर्चा विटाळाची! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला, की आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे. कामगारांची एकी हवी असेल तर कामगारांमधला हा भेदही बोलून दाखवावा लागेल, असं त्यांचं धोरण होतं.

त्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या विधेयकाची त्यांनी बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळावी आणि त्या काळात तिची चूल बंद पडू नये, ही साधी मागणी. जो मालक तिच्या कामाचा फायदा घेतो त्यानं भार उचलायला हवा, आणि सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये संपावर बंधनं घालणारं विधेयक आलं, तेव्हा ७ नोव्हेंबरला झालेल्या संपात ते कामगारांसोबत उभे राहिले.

आता आपल्या जिल्ह्याच्या कामाचा भाग. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि मजूर खातं त्यांच्याकडे आलं. आजच्या भाषेत देशाचे कामगारमंत्री. दुसरं महायुद्ध चालू होतं, रेल्वे नि कारखान्यांना कोळसा हवा होता आणि खाणीत मजूर कमी पडत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. कामगार काम कसं करतात ते पाहिलं, वर येऊन ते राहतात त्या खोल्याही पाहिल्या. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस खाली उतरतो, हे आमच्या वर्गातल्या मुलांना फार भारी वाटतं, कारण खाली उतरणं म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. वर छत कोसळायची भीती, कुठे वायू, कुठे पाणी, आणि कोळशाची धूळ तर श्वासागणिक.

या दौऱ्यानंतर लगेच, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर थोडा कर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांसाठी घरं, दवाखाने, पिण्याचं पाणी, मुलांचं शिक्षण. म्हणजे मालकाची मर्जी असेल तर दवाखाना, ही पद्धत मोडली. त्याच सुमारास खाणीतल्या पोकळीत वाळू भरण्याच्या कायद्यातही त्यांनी दुरुस्ती मांडली. कोळसा काढून घेतला की आत पोकळी राहते, ती भरली नाही तर वरची जमीन खचते आणि आग लागायचाही धोका असतो. चंद्रपूरच्या पोरांना हे समजावायला फळ्यावर चित्र काढावं लागत नाही.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. बायांनी भूगर्भातल्या खाणीत काम करण्यावर युद्धाआधीच बंदी आली होती. १९४३ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे सरकारनं ती उठवली. आपला चंद्रपूर जिल्हा (तेव्हाचा चांदा) ज्या मध्य प्रांतात होता, तिथल्या खाणींसाठीसुद्धा. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात या निर्णयावर सडकून टीका झाली आणि त्याचं समर्थन करायची वेळ खातेप्रमुख म्हणून बाबासाहेबांवर आली. युद्धाची अडचण आहे, हे तात्पुरतं आहे, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी देण्याची अट घातली आहे, असं त्यांनी सांगितलं. मला प्रामाणिकपणे वाटतं, समान मजुरीची अट मोठी होती, तरी बायांना खाली पाठवणं बरोबर नव्हतं. मात्र १९४५ मध्ये खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाचा कायदा सुधारून घेतला गेला आणि १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. मुलांना हेही सांगावं. आपला आदर कमी होत नाही.

जाता जाता, व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतं की बाबासाहेबांनी १४ तासांचं काम एका दिवसात ८ तासांवर आणलं. तसं नाही झालं हो. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेबांच्या खात्यानं ती ४८ वर आणली, १९४६ मध्ये. खरं काम एवढं मोठं असताना वाढवून सांगायची गरजच काय? कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम प्रा. अडारकर यांना १९४३ मध्ये याच खात्यानं दिलं, त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. पालकांपैकी ज्यांच्या खिशात ईएसआयचं कार्ड आहे, त्यांनी ते आज मुलांना काढून दाखवावं.

मग संविधान. त्यातलं कलम २४ मी वर्गात मोठ्यानं वाचायला लावते. १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. खाण हा शब्दच तिथे आहे म्हटल्यावर मुलं चमकतात. कलम ४२ मध्ये कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीची आणि प्रसूती साहाय्याची गोष्ट आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि इथेही हजारो लोकांना दीक्षा दिली. ६ डिसेंबरला ते गेले. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर मुलांना नेत असाल तर ही खाणीची गोष्ट तिथेच सांगा.

मागच्या वर्षी ही सगळी गोष्ट सांगून झाल्यावर मी मुलांना विचारलं, तुमच्या घरी कोण कोणतं काम करतं आणि त्यात जपण्यासाठी काय मिळतं? खाणीतल्या मुलांनी हेल्मेट, दिवा, बूट अशी यादी भराभरा सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आई पहाटे अंधारात जंगलात मोहफुलं वेचायला जाते आणि पुढच्या महिन्यात तेंदूपत्त्याला. वाकून वेचताना वाघ दिसत नाही, म्हणून तिचा भाऊ झाडाखाली डबा वाजवत उभा राहतो. मॅडम, आईसाठी कोणता कायदा आहे, असं तिनं विचारलं. मी फळ्यावर तिचा प्रश्न लिहून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भावाला शाळेत घेऊन यायला सांगितलं. तो चौथीत होता आणि महिनाभर गैरहजर होता.