बाबा आमटे : आनंदवन ते भारत जोडो

साने गुरुजींच्या जयंतीदिनी, २४ डिसेंबर १९८५ रोजी, कन्याकुमारीहून शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून काश्मीरच्या दिशेने निघाले. पंजाब धुमसत होता. इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरचे शीखविरोधी हत्याकांड यांना जेमतेम वर्ष लोटले होते. 'भारत जोडो' म्हणत निघालेल्या या मुलांचे म्होरके मात्र सायकलवर बसू शकत नव्हते. मणक्याच्या जुनाट दुखण्याने बाबा आमटे यांना एकतर उभे राहता येई किंवा आडवे पडता येई. बसणे त्यांच्या आयुष्यातून वजा झाले होते. मोटारीत बिछाना घालून, त्यावर पडल्या पडल्या त्यांनी पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतराची ती यात्रा केली. अपंगांना कामाला लावण्यात हयात घालवलेल्या माणसाने स्वतःच्या अपंगत्वालाही सवलत दिली नाही.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे. शिकारीची बंदूक, मोटार, चित्रपटांचा षोक असे त्यांचे तारुण्य गेले. पुढे वकिली केली, बेचाळीसच्या आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांच्या बचावाचे काम केले. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना भंग्यांचे दुःख समजून घ्यायचे म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची पाटी डोक्यावर घेतली. १९४६ मध्ये साधनाताईंशी विवाह झाला.

निर्भय म्हणून लौकिक असलेल्या या माणसाला भय भेटले ते वरोऱ्यातच. पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेला महारोगी तुळशीराम, सर्वांगाला जखमा, त्यात किडे. बाबा तेथून पळाले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, आणि त्यांच्या चरित्रातील अनेक पराक्रमांपेक्षा हे पळणेच अधिक मोलाचे वाटते. ते परत फिरले, त्यांनी तुळशीरामवर आडोसा उभारला, अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. तो वाचला नाही. त्यानंतर बाबांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले. संशोधनासाठी रोगजंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेण्यापर्यंत त्यांची तयारी गेली.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारने वरोऱ्याजवळ दिलेल्या पन्नास एकर खडकाळ, जंगली जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन सुरू झाले. साधनाताई, विकास व प्रकाश ही लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढेच भांडवल. विहिरीपासून सुरुवात होती आणि खणणाऱ्यांच्या हातांना धड बोटे नव्हती.

बाबांचा विचार येथे नीट समजून घ्यायला हवा. औषधाने कुष्ठरोगाचे जंतू मरतात. बधिर झालेली त्वचा आणि झडलेली बोटे परत येत नाहीत. रुग्ण बरा होतो, पण गाव त्याला घेत नाही. मग तो भीक मागतो, आणि भीक घालणारा पुण्य कमावून घरी जातो. हे चक्र बाबांना मोडायचे होते. दयेवर जगणे हाच त्यांच्या लेखी खरा रोग होता. म्हणून आनंदवनात शेती आली, दुभती जनावरे आली, हातमाग आले.

पीक आले तरी वरोऱ्यात ते कोणी घेईना. महारोग्यांनी पिकवलेली भाजी कोण खाणार? हा कोंडा फोडला तो पाहुण्यांनी. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात दाखल झाले, मुक्कामाला राहिले, रुग्णांसोबत घाम गाळून त्यांनी बांधकाम केले, तिथलेच अन्न जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीड चेपली, आणि आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला. गावाच्या वेशीवरच्या माणसांना स्वीकारायला सातासमुद्रापलीकडची माणसे यावी लागली, याची खंत वाटली तरी घडले ते असे. आनंदवन पाहायला जाणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी ही भेट आहे. ते पाहुणे हळहळायला आले नव्हते, कुदळी घेऊन आले होते. पुढे तेथे अंध मुलांची शाळा निघाली, संधिनिकेतनात अपंगांना हस्तव्यवसायाचे शिक्षण मिळू लागले, वरोऱ्याची मुले शिकायला येतील असे महाविद्यालयही उभे राहिले.

१९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातच सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. तेथील उन्हाळी श्रमसंस्कार छावणीत शहरी तरुण राबू लागले. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. घाम गाळताना जात-प्रांत गळून पडतात, हा छावणीतला अनुभव देशभर नेण्याचा प्रयत्न म्हणजे ती सायकलयात्रा. सायकल हे वाहनही नेमके निवडलेले. ती स्वतःच्या पायांच्या जोरावर चालते आणि दर गावात थांबते. तीन वर्षांनी ईशान्येकडून गुजरातेतील ओख्यापर्यंत दुसरी यात्रा निघाली. यात्रेने देश जोडला गेला का? पंजाबातला हिंसाचार त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिला, हे नाकारता येत नाही. पण दंगलींच्या काळात प्रांताप्रांतातील मुले महिनोन् महिने एका पंगतीत जेवली, हेही खरे. याच नावाची राजकीय पदयात्रा २०२२ मध्ये कन्याकुमारीहूनच निघाली, तेव्हा अनेकांना त्या सायकली आठवल्या.

१९८५ चा मॅगसेसे, १९९० चा टेम्पल्टन असे सन्मान आले. पंचाहत्तरी ओलांडल्यावर बाबा आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. धरणाच्या प्रश्नावर त्यांनी पद्म पुरस्कार परत केले. त्या लढ्यात त्यांना यश आले नाही.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन न करता आनंदवनाच्या मातीत दफन करण्यात आले. तीन वर्षांनी, जुलै २०११ मध्ये, साधनाताईही गेल्या.