पास्कल : अनंताचा हिशेब

फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रत्येक गणितात आपण उत्तरापुढे 'पास्कल' लिहितो. पण हा ब्लेझ पास्कल माणूस म्हणून कसा होता, हे एकाही टेक्स्टबुकात नसतं. म्हणून हा लेख.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे सिस्टर मरणानंतरच्या अनंत जीवनाबद्दल सांगायच्या. मी ख्रिश्चन नाही, पण एक प्रश्न तेव्हापासून मनात आहे. पुढे कायमचं सुख मिळणार असेल, तर माणूस आजच्या जगासाठी कशाला धडपडेल? पास्कलचं चरित्र वाचलं आणि या प्रश्नाकडे बघायची नवी दिशा मिळाली.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे झाला. तीन वर्षांचा असतानाच आई गेली. वडील सरकारी करवसुलीच्या कामावर होते, त्यांना प्रचंड आकडेमोड करावी लागे. त्यांचा त्रास वाचावा म्हणून १६४२ मध्ये, म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या वयात, या पठ्ठ्याने बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं. मनासारखं जमेपर्यंत पन्नासेक मॉडेल्स केली! १६४८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम हा डोंगर चढले आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो हे दिसून आलं. १६५४ मध्ये फर्माबरोबरच्या पत्रव्यवहारातून त्याने प्रोबॅबिलिटीचा पाया घातला.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला देवाच्या अस्तित्वाचा फार खोल अनुभव आला. त्याने तो कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. तो गेल्यानंतर नोकराच्या हाताला तो लागला, तेव्हा कुठे घरच्यांना कळलं.

पुढे त्याने श्रद्धेचाही हिशेब मांडला. अनंत जीवन असण्याची शक्यता कितीही छोटी धरा, ती शून्य नसेल आणि मिळकत अनंत असेल, तर गुणाकार अनंतच येणार. हा युक्तिवाद अनेकांना पटत नाही, मलाही पूर्ण पटत नाही. तो अंगाला खिळ्यांचा पट्टा बांधून स्वतःला त्रास करून घ्यायचा, तेही पटत नाही. पण अनंतावर विश्वास ठेवणारा हा माणूस रोजचे दिवस कसे जगला, ते बघा.

१८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या कल्पनेतून घोडागाड्यांची सेवा सुरू झाली. ठरलेला रूट, ठरलेली वेळ, भाडं फक्त पाच सू. गाडी रिकामी असली तरी वेळेवर सुटायची. आजच्या सिटी बसची ही पणजीच! सैनिक आणि नोकरचाकरांना त्यात बसायला न्यायालयाने बंदी घातली, ही गोष्ट वेगळी. ब्ल्वा भागात तेव्हा दुष्काळ होता. या धंद्यातल्या आपल्या वाट्याची रक्कम आगाऊ घेऊन तिथल्या गरिबांना पाठवायची त्याची धडपड चालली होती.

तेव्हा तो स्वतः खूप आजारी होता. घरात त्याने एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. पास्कलची बहीण रोज त्याची शुश्रूषा करायला यायची, तिच्यामार्फत तिच्या मुलांना लागण होण्याची भीती होती. आता त्या पोराला दुसरीकडे हलवणं सगळ्यात सोपं होतं, घर पास्कलचं होतं. पण आजारी पोराला हलवलं तर त्याच्या जिवाला धोका, असा विचार करून पास्कल स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेला. परत आलाच नाही. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला.

मित्रांनो, ज्याला सगळं याच जन्मात उरकायचं असतं, तो आपली खोली सहजासहजी सोडत नाही. पास्कलने सोडली. पुढे अनंत काळ आहे असा भरवसा असल्यामुळे त्याला हातातलं देऊन टाकायची भीती वाटली नसावी, असं मला वाटतं. स्वर्ग आहे की नाही, मला माहीत नाही. पण त्या आजारी पोराची खाट हलली नाही, एवढं नक्की.