गुंटूरच्या डॉक्टर सिस्टर



रविवारी मिस्सा संपल्यावर बाकांवर राहिलेली पत्रके आम्ही गोळा करतो, तेव्हा डॉ. मेरी ग्लाउरी यांची हमखास आठवण होते. एका लहानशा पुस्तिकेने त्यांचे आयुष्य बदलले आणि त्याचा लाभ आपल्या देशातील मातांना झाला.

23 जून 1887 रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात त्यांचा जन्म झाला. 1910 साली त्या मेलबर्न विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. पुढे मेलबर्नमध्येच त्यांचा चांगला जम बसला. 1915 साली स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरन यांच्याविषयीची पुस्तिका त्यांच्या हाती आली. भारतातील कित्येक स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर येत नाहीत, त्यामुळे माता व तान्ही बाळे उपचाराविना दगावतात, हे वाचून त्या अस्वस्थ झाल्या. आपले पाचारण हेच, हे त्यांनी ओळखले. महायुद्धामुळे निघता येईना, तेव्हा त्यांनी पुढचा अभ्यास केला आणि 1919 साली एम.डी. पदवी मिळवली.

पण एक अडसर होता, तोही आपल्याच ख्रिस्तसभेतला. त्या काळी धर्मभगिनींना वैद्यकी करण्यास, विशेषतः बाळंतपणे करण्यास मनाई होती. व्रतस्थ जीवन जपावे हा नियमाचा हेतू चांगलाच होता, पण त्याची किंमत खाटेवर तळमळणारी बाळंतीण मोजत होती. डॉ. मॅक्लॅरन यांनी यासाठी रोमला वारंवार खेटे घातले. 1913 साली त्या वारल्या, तरी बंदी कायम होती.

12 फेब्रुवारी 1920 रोजी डॉ. मेरी गुंटूरला पोहोचल्या आणि येशू, मरिया व योसेफ यांच्या नावाने चालणाऱ्या संघात दाखल झाल्या. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांना खास परवानगी दिली. व्रतस्थ भगिनी आणि डॉक्टर ही दोन्ही पाचारणे त्यांनी एकत्र जगून दाखवली. सर्वच धर्मभगिनींना ही वाट मोकळी झाली ती 11 फेब्रुवारी 1936 रोजी, लूर्दमातेच्या सणादिवशी.

एका छोट्या दवाखान्यातून सेंट जोसेफ हॉस्पिटल उभे राहिले. कित्येक वर्षे तेथे त्या एकट्याच डॉक्टर होत्या. एकटी डॉक्टर रात्री-अपरात्री प्रत्येक झोपडीत कशी पोहोचणार? म्हणून त्यांनी स्थानिक स्त्रियांना परिचारिका, सुईणी व औषधे देणाऱ्या सेविका म्हणून शिकवून तयार केले. 1943 साली त्यांनी देशातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. आज हजारो संस्था तिच्या सभासद आहेत. 5 मे 1957 रोजी बंगळूर येथे त्यांनी देह ठेवला. 2013 साली ख्रिस्तसभेने त्यांना देवाची सेविका घोषित केले.

नियम माणसाच्या भल्यासाठी असतो. त्यामुळे कुणाचा जीव जात असेल, तर तो पुन्हा तपासून पाहावा लागतो. त्यासाठी नम्रतेने, पण न थकता मागणे मांडणारी माणसे लागतात, आणि शिकून सज्ज झालेले हातही लागतात. नुसती कळकळ पुरत नाही.

आपल्या वस्तीत परगावाहून आलेली, सोबतीला सासर-माहेरचे कुणी नसलेली एखादी गरोदर भगिनी असेल. या आठवड्यात तिची विचारपूस करू या. तपासणीला तिच्याबरोबर जाऊ या. आणि हे पत्रक वाचून झाल्यावर बाकावर न ठेवता घरी न्या, ही विनंती. कोण जाणे, घरातल्या एखाद्या मुलीच्या ते हाती पडेल!